चोर्ला घाटासाठी दोन दिवसांचा चालक-वर्ग: आपले ड्रायव्हर पाठवावेत का?

बेळगावात उद्यमबागेच्या मागच्या अंगाला एका जुन्या गॅरेजच्या आवारात मालवाहू गाड्यांच्या चालकांसाठी घाटात गाडी चालवण्याचा दोन दिवसांचा वर्ग चालतो. त्याला पाटी नाही, जाहिरात नाही, आणि वर्ग घेणाऱ्या गृहस्थांना आपले नाव कुठे छापून आलेले आवडत नाही, म्हणून मीही ते येथे देत नाही. त्या भागातल्या कोणत्याही ब्रेकच्या मिस्त्रीला ‘घाटाचे मास्तर’ कुठे बसतात असे विचारले की तो हातातले काम ठेवून रस्ता दाखवतो. आयुष्यभर बस आणि ट्रक चालवून निवृत्त झालेले मास्तर आणि त्यांच्या जोडीला ब्रेकचे काम करणारा एक मिस्त्री, असे दोघेच हा वर्ग चालवतात. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस माझ्या तीन चालकांनी आणि त्यांच्याबरोबर मीही हा वर्ग केला. त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा आमच्या गाड्या चोर्ला घाटाच्याच रस्त्याने गेल्या, आणि आता पावसाळा तोंडावर आला असताना हे लिहीत आहे, कारण ज्यांच्या गाड्या चोर्ला, अनमोड किंवा आंबोली या घाटांनी गोवा-कोकणात उतरतात त्यांना निर्णय घ्यायला हीच वेळ आहे.

आमचा व्यवसाय बेळगावची भाजी गोव्याला पोहोचवण्याचा आहे. तीन पिकअप आणि एक सहाचाकी ट्रक, एवढाच आमचा पसारा. पिकअप जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे करत केरीला उतरतात आणि साखळीमार्गे म्हापशाला जातात. ट्रकचे मात्र दिवस बघावे लागतात, कारण चोर्ल्यावर अवजड वाहनांना वेळोवेळी बंदी असते आणि तेव्हा त्याला खानापूर-लोंढ्यावरून अनमोड घाटाने वळसा घ्यावा लागतो. गेल्या जुलैत पहाटे आमच्या एका पिकअपचा ब्रेक चोर्ला उतरताना गेला. चालकाने गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घालून थांबवली, त्याच्या खांद्याला मार बसला आणि क्लीनर सुखरूप राहिला. सकाळी त्याचा पहिला फोन आला तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘वहिनी, पाय खाली गेला आणि गाडी थांबंना झाली.’ ज्या गॅरेजात आम्ही ती गाडी नेत होतो तिथे लायनर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर ड्रमला घासणारे अस्तर, बदलले जात होते, पण ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद मला मागच्या तीन वर्षांच्या बिलांत एकदाही सापडली नाही, आणि ती बिले दर वेळी मीच तपासून फेडली होती.

वर्गाची पहिली अट ऐकून मी थोडी अडखळले होते. पहिल्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात चालकाबरोबर गाडीचा मालक किंवा माल भरण्याची वेळ ठरवणारा माणूस हजर असलाच पाहिजे. तो नसेल तर मास्तर चालकाला परत पाठवतात. फी प्रत्येक चालकामागे अडीच हजार रुपये आहे, मालकाची वेगळी घेत नाहीत. एका तुकडीत चारच गाड्या असतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपलीच गाडी, नेहमीचे वजन भरून आणायची असते. आमच्या तुकडीत आमच्या दोन पिकअप, खानापूरकडची दुधाची एक टाकीगाडी आणि विटा वाहणारा एक ट्रक होता. तुकडीतल्या बैलहोंगलकडच्या एका चालकाला मराठी जेमतेम समजत होते, तेव्हा मास्तर प्रत्येक गोष्ट आधी मराठीत आणि लगेच कन्नडमध्ये सांगत गेले, आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटले नाही.

सकाळी मास्तरांनी फळ्यावर पहिला प्रश्न मालकांसाठी लिहिला: गाडी किती वाजता निघते आणि किती वाजता पोहोचली पाहिजे. मी सांगितले की रात्री दोनला निघते आणि पाचच्या आत म्हापशाला लागते. मग त्यांनी माझ्या चालकाला विचारले की गाडी खरोखर किती वाजता निघते, आणि त्याने माझ्याकडे न बघता ‘दोन चाळीस’ असे उत्तर दिले, कारण कोबीची शेवटची पोती दोनच्या आत कधी येतच नाहीत. मास्तरांनी हिशेब मांडला. अंतर साधारण शंभर किलोमीटर; त्यातला वळणाचा आणि उताराचा भाग वीस किलोमीटर धरला, तर ताशी पंचवीसच्या वेगाने त्याला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. दोन चाळीस ते पाच म्हणजे एकशे चाळीस मिनिटे. उरलेले ऐंशी किलोमीटर ब्याण्णव मिनिटांत, म्हणजे सरासरी ताशी बावन्न किलोमीटरने, तेही जांबोटीपुढच्या खड्ड्यांच्या आणि जंगलाच्या रस्त्याने, अंधारात, चहालासुद्धा न थांबता. हे होणार नाही हे फळ्यावर बघताच कळते. चालक ती वेळ भरून काढतो ती घाटात, कारण गाडी आपोआप धावते अशी जागा तेवढीच असते. त्यात पाचच्या आत पोहोचणाऱ्या चालकाला मी फेरीमागे दोनशे रुपये जास्त देत होते. ते मी त्या वर्गात उठून सांगितले, आणि त्या क्षणी माझ्या तिन्ही चालकांनी माना खाली घातल्या, हे मला अजून आठवते.

दोन दिवसांत जे जे शिकले त्यात मला हा अर्धा तास सर्वांत मोलाचा वाटतो, आणि या वर्गाची शिफारस करताना मी प्रथम हाच सांगते.

त्यानंतरचा भाग उष्णतेचा होता. घाटात गाडी उतरते तेव्हा ब्रेकचे काम नेमके काय असते, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितले नव्हते. दहा टनांचा भरलेला ट्रक पाचशे मीटर खाली आला की त्याच्या उंचीतली सारी शक्ती कुठे तरी जिरवावी लागते, आणि ती सगळी उष्णता झाली तर साधारण दीडशे लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी होते. तीन टनांच्या पिकअपसाठी हाच आकडा पंचेचाळीस लिटरच्या आसपास येतो. ही उष्णता इंजिनाने घेतली तर ती रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. ब्रेकवर टाकली तर चार चाकांतल्या थोड्याशा लोखंडाला ती अर्ध्या तासात सोसावी लागते. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम तापून फुगतो, लायनरला तिथवर पोहोचायला जास्त सरकावे लागते, लायनरचा पृष्ठभाग तापून त्याची पकड कमी होते, आणि चालक जोर वाढवतो तसे सगळे आणखी तापते. मिस्त्रीने जळून काचेसारखा गुळगुळीत झालेला एक लायनर आणि तडे गेलेला एक ड्रम सर्वांच्या हातात दिला. घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर पाण्याचा डबा ओतण्याची सवय आमच्याकडच्या अनेक क्लीनरांना आहे. ते तडे बहुधा त्याच सवयीचे असतात असे त्याने सांगितले.

आमच्या जुलैच्या अपघाताचे कारणही त्याच टेबलावर उलगडले. ब्रेक जाण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पेडल कडक आहे, पाय पूर्ण जोराने दाबला आहे आणि तरीही गाडी थांबत नाही, तर लायनर तापले आहेत. पेडल मऊ होऊन तळाला जात असेल तर ब्रेक ऑइल उकळले आहे आणि नळीत वाफ झाली आहे. वाफ दबते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते, आणि डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या भागातून रोज जाणाऱ्या गाडीत तीन वर्षे तेच ऑइल राहिले, तर घाटात काय होणार हे सांगायला मिस्त्री लागत नाही, पण आम्हाला तो लागला. आता आमच्या सर्व गाड्यांचे ब्रेक ऑइल दरवर्षी मे महिन्यात बदलायचे असे ठरले आहे, आणि त्याचा खर्च एका क्रेट टोमॅटोच्या नुकसानीपेक्षा फारसा जास्त नाही.

गिअरचा नियम सगळे चालक तोंडपाठ म्हणतात: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मास्तरांनी त्याला एक दुरुस्ती जोडली, आणि ती मला महत्त्वाची वाटली. हा नियम जुन्या कमी ताकदीच्या इंजिनांच्या काळातला आहे. आताची इंजिने तोच चढ वरच्या गिअरमध्ये सहज चढतात, म्हणून उतरताना चढीच्या गिअरपेक्षा आणखी एक खाली यावे. हा गिअर माथ्यावरच, उतार लागण्यापूर्वी टाकायचा, कारण उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर पडत नाही आणि तो शोधताना गाडी काही क्षण न्यूट्रलमध्ये मोकळी राहते. एकदा गिअर धरला की ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की एकदा ठाम दाबून तो आठ-दहा किलोमीटरने उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, म्हणजे ड्रमला निवायला वेळ मिळतो.

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल मारून उतरण्याची सवय आमच्या एका चालकाला होती, आणि तो मनाने अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. मालकाचे चार पैसे वाचावेत असेच त्याला वाटत असे. मास्तरांनी त्याला शांतपणे समजावले की आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना उतारावर डिझेलचा पुरवठा बंदच होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी ते थोडे थोडे जळत राहते. म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. इंजिनच बंद करून उतरणाऱ्यांच्या बाबतीत तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. हे ऐकल्यानंतर त्या चालकाने विचारले, ‘मास्तर, हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी का सांगितलं नाही?’ त्यावर मास्तर काही बोलले नाहीत, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आमच्या ट्रकला बसवलेल्या वेगनियंत्रकाबद्दलचा माझा गैरसमजही येथेच दूर झाला. ताशी ऐंशी किलोमीटरला बांधलेले ते यंत्र आहे म्हणजे गाडी आटोक्यात आहे, असे मी समजत होते. ते यंत्र इंजिनाला मिळणारे डिझेल रोखते; उतारावर गाडी आपल्या वजनाने धावू लागली तर तिला धरून ठेवणे त्याच्या हातात नाही. आणि ज्या वळणावर पंचवीसचा वेग योग्य आहे तिथे ऐंशीची मर्यादा असून नसून सारखीच.

दुपारी प्रत्यक्ष गाड्यांची तपासणी झाली, आणि येथे वर्ग थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला. टायरच्या नक्षीची खोली मोजण्याचे छोटे यंत्र प्रत्येकाच्या हातात दिले. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, पण पावसाळ्यात घाटासाठी मास्तर त्याच्या दुपटीहून कमी असलेला टायर मान्य करत नाहीत. जोडचाकांमध्ये अडकलेला दगड, हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर ब्रेकच्या टाकीत साठलेले पाणी रोज सोडणे, हँडब्रेकची ओढ, पुढच्या काचेचे वायपर, हे सगळे तासाभरात झाले. वायपरकडे मास्तरांनी अधिक वेळ द्यायला हवा होता, असे मला राहून राहून वाटते. आमच्या भागात जून ते सप्टेंबर तो ब्रेकइतकाच लागतो.

माल भरण्याचा भाग मात्र भरपूर वेळ घेऊन शिकवला. पिकअपमध्ये जड पोती मागच्या फळीकडे आणि हलके क्रेट पुढे भरण्याची आमच्याकडे पद्धत होती, कारण म्हापशाला जड माल आधी उतरतो. त्याने पुढची चाके हलकी होतात, आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग वळवले तरी गाडी सरळच घसरत जाते. बटाटा आणि कोबी आता पुढे आणि खाली, पालेभाजी मागे आणि वर, असा क्रम आम्ही लावला. म्हापशाच्या हमालांनी चार दिवस कुरकुर केली आणि नंतर तेही सरावले. टाकीगाडीच्या चालकाला सांगितलेली गोष्ट मला नवी होती: पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी वळणावर जास्त धोक्याची, कारण आतले दूध एका बाजूला धावून जाते आणि गाडी उलटण्यास हातभार लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही जांबोटी सोडली. कणकुंबीला, जिथे मलप्रभेचा उगम आहे, तिथे मास्तरांनी चारही गाड्या थांबवल्या. त्यांच्या मते उतारापूर्वीचा हा थांबा सक्तीचा आहे: खाली उतरून चाकांभोवती एक फेरी मारायची, ड्रमजवळ हात नेऊन एखादे चाक इतरांपेक्षा गरम आहे का हे बघायचे, दोर आणि ताडपत्री ओढून पाहायची, लघवीला जाऊन यायचे, आणि दोन मिनिटे काहीही न करता उभे राहायचे. त्या दिवशी समोर दहा-पंधरा मीटरपलीकडे काही दिसत नव्हते. धुक्यात अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, लावला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपर, म्हणजे खाली पडणारा झोत, आणि असतील तर खालचे पिवळे दिवे लावायचे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवायचे नाहीत, कारण मागच्याला गाडी थांबली आहे की वळते आहे हेच कळत नाही. डाव्या काठाची पांढरी रेषा पकडून चालायचे, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे पकडून मात्र कधीच चालायचे नाही, कारण ती दरीत गेली तर आपणही तिच्यामागे जातो.

मास्तर प्रत्येक गाडीत आळीपाळीने बसले. मी मधल्या सीटवर होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने जागा बघून थांबायचे, हा वाहतुकीचा नियम आहे, पण आमच्याकडच्या चालकांत जो आधी अप्पर-डिपर मारेल त्याची वाट असा उलटा रिवाज पडला आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला की त्याला पुन्हा उचलताना क्लच जळतो किंवा गाडी मागे सरकते. उतरणाऱ्याला एवढी अडचण नसते. वळणापूर्वी हॉर्न, वळणाच्या आत आपली बाजू न सोडणे, आणि समोरच्याला वाट देताना दरीकडच्या साइडपट्टीवर चाक न घालणे, या तीन गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा करून घेतल्या. पावसाळ्यात साइडपट्टीखालची माती पाण्याने वाहून गेलेली असते आणि वरून गवत तसेच हिरवे दिसत राहते. डोंगराच्या बाजूला छोटे खडे घरंगळताना दिसले किंवा कापलेल्या दरडीतून येणारे पाणी अचानक गढूळ झाले, तर तिथे थांबायचे नाही, मागच्यांनाही थांबू द्यायचे नाही.

एका वळणावर रस्त्याच्या मधोमध तीन मोठे दगड पडलेले होते. कुणाची तरी गाडी रात्री बंद पडली होती, चाकांना दगड लावले होते, आणि गाडी दुरुस्त झाल्यावर दगड तसेच टाकून ती निघून गेली होती. मास्तरांनी गाडी थांबवून चारही क्लीनरांना ते कठड्याबाहेर ठेवायला लावले आणि मग रागाने बोलले. दोन दिवसांत ते एवढ्या एकाच वेळी रागावले. त्या दगडांवर मागून येणारा दुचाकीस्वार धुक्यात कसा आदळतो हे त्यांनी पाहिलेले आहे. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक गाडीत दोराने बांधलेले दोन लाकडी ठोकळे आहेत, आणि दोर ट्रॉलीच्या हुकाला अडकवलेला असतो, म्हणजे गाडी हलली की ठोकळे आपोआप मागे येतात. बंद पडलेल्या गाडीमागे झाडाच्या फांद्या टाकण्याऐवजी चमकणारा त्रिकोण ठेवायचा, आणि तो गाडीजवळ न ठेवता मागच्या वळणाच्या अलीकडे, जिथून येणाऱ्याला थांबायला जागा मिळेल तिथे ठेवायचा, हेही तिथेच करून दाखवले.

ब्रेक गेलाच तर काय करायचे, हा सराव एका कमी उताराच्या मोकळ्या जागेवर झाला. पिकअपसारख्या तेलाच्या ब्रेकला पेडल भराभर मारून थोडा दाब परत मिळवता येतो; एअर ब्रेकच्या गाडीत तसे केले तर उरलीसुरली हवा संपते. दोन्हींत गिअर खाली आणायचा, इंजिन बंद करायचे नाही, हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने ओढायचा, आणि काहीच जमले नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन गटारात बसवायची. उडी मारायची नाही. जुलैत आमच्या चालकाने नेमके हेच केले होते, कुणी न शिकवता. मास्तरांनी सर्वांसमोर त्याला ती घटना पहिल्यापासून सांगायला लावली आणि बाकीच्यांना ती नीट ऐकायला सांगितले. आम्ही त्याला तोवर गाडीच्या नुकसानीबद्दलच विचारत आलो होतो.

या वर्गातल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी म्हणजे तो दिवसा होतो, आणि आमच्यासारख्यांच्या गाड्या घाटात असतात त्या रात्री. रात्रीचा घाट वेगळा असतो. भीमगड आणि म्हादई या दोन अभयारण्यांच्या मधून जाणाऱ्या या भागात गवे रस्त्यावर येतात, त्यांचा काळा रंग दिव्यात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि एक ओलांडून गेला की मागे आणखी असतात. याबद्दल फक्त पाच मिनिटे बोलणे झाले. पहाटे तीन ते पाच या वेळेतल्या झोपेबद्दल तर त्याहून कमी. दुसरी उणीव म्हणजे हातात घेऊन जाण्यासारखे काहीही लिहिलेले मिळत नाही. मी स्वतः चार पानांची टिपणे काढून मराठी आणि कन्नड दोन्हींत गाड्यांत ठेवली आहेत, पण हे काम वर्गाने करायला हवे. उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे चालक आता आपल्याकडेही वाढले आहेत, त्यांच्यासाठी अजून सोय नाही. प्रथमोपचार अर्ध्या तासात संपवले, ते अपुरे आहे. आवारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. मी ते मास्तरांना सांगितले आणि त्यांनी शेजारच्या घरात सोय केली, पण मालक म्हणून येणाऱ्या बायका आता असतात, याची आधीच तयारी असावी.

आंबोली किंवा तिलारीच्या रस्त्याने गाड्या पाठवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की प्रत्यक्ष सराव चोर्ल्यावरच होतो. तत्त्वे सगळीकडे तीच आहेत, पण तिलारीचा उतार आणि तिथली वळणे वेगळ्या जातीची आहेत, आणि त्या रस्त्याच्या चालकाला इथला दुसरा दिवस निम्माच उपयोगी पडेल असे मला वाटते. ज्यांच्या गाड्या सपाट मुलुखातच, म्हणजे धारवाड-हुबळीकडे, फिरतात त्यांनी पहिल्या दिवसासाठी आले तरी पुरे.

आमच्याकडे झालेला बदल एवढा आहे. गाड्या आता रात्री साडेबाराला निघतात. त्यासाठी शेतकऱ्यांना माल अकराच्या आत आणायला सांगावे लागले, दोन जुन्या पुरवठादारांनी ते मान्य केले नाही आणि आम्ही त्यांचा माल सोडला. पाचच्या आत पोहोचण्याचे दोनशे रुपये बंद केले. ती रक्कम आता प्रत्येक फेरीच्या भत्त्यात सरसकट मिळवली आहे, गाडी कितीही वाजता पोहोचो. मी किंवा माझा मुलगा कणकुंबी ते केरी या टप्प्यात चालकाला फोन करत नाही. केरीला उतरल्यावर त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा. मागच्या चाकांचे लायनर पूर्वी चार महिन्यांत संपत, ते या वेळी सातव्या महिन्यातही शिल्लक आहेत, अर्थात यात पावसाळा अजून आलेला नाही हे मान्य केले पाहिजे. म्हापशाचा एक जुना गिऱ्हाईक सुरुवातीला रागावला होता, कारण साडेपाचला पोहोचलेली गाडी त्याला उशिरा वाटत असे. आता आमची गाडी साडेचारला दारात असते आणि चालक क्रेट उतरेपर्यंत केबिनमध्ये तासभर झोपतो.

माझा एक चालक तेव्हा आजारी असल्यामुळे वर्गाला येऊ शकला नव्हता, आणि यंदा एक नवा मुलगा कामाला लागला आहे, त्याचा परवाना नवीन आहे आणि हात तयार आहे, पण भरलेली गाडी घेऊन तो अजून चोर्ला उतरलेला नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या तुकडीत दोघांचीही नावे मी दिली आहेत. त्या तुकडीत अजून दोन गाड्यांची जागा आहे असे मास्तर म्हणाले. जायचे असेल तर ब्रेक ऑइल बदलून जावे, नाहीतर पहिल्या दिवशी दुपारी ते तिथेच बदलावे लागते आणि तपासणीचा वेळ त्यातच जातो.